फुप्फुसाचा विकार, इन्फ्लुएंझाची लस व घरगुती उपाय

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी शेतकरी आपल्या कामांची जी यादी मनाशी धरतो, तीत राब भाजणे, बांध घालणे, बियाणे निवडणे आणि गुराढोरांस घटसर्प व फऱ्या ह्या रोगांची लस टोचून घेणे ही कामे ठरलेली असतात. जनावरांच्या लसीविषयी हल्ली कोणी फारसा वाद घालीत नाही. घटसर्प पावसाळ्यात उसळतो, तो आला म्हणजे औषधास वेळ देत नाही, आणि म्हणून टोचणी पावसाच्या आधीच झाली पाहिजे, हे अनुभवाने सर्वांस पटले आहे. परंतु त्याच घरात पडवीवर बसून धापा टाकणारा जो वडील माणूस असतो, त्यास इन्फ्लुएंझाची लस टोचावी असे डॉक्टरने सुचविले की घरात मतभेद उत्पन्न होतात. कोणी काढ्यावर भर देतो, कोणी कोजागरीच्या खिरीतील औषध सांगतो, कोणी होमिओपथीच्या गोळ्या आणतो, आणि कोणी म्हणतो की आधीच छाती नाजूक, तीत सुई कशाला? कळवा, खारेगाव, विटावा ह्या बाजूस व तेथून कल्याण, मुरबाड, शहापूरपर्यंतच्या शेतकरी कुटुंबांत हा प्रश्न आता वारंवार निघत असल्याने त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथमच सांगितले पाहिजे की आम्ही काढ्याचे वैरी नाही व सुईचे भक्तही नाही. कोणत्या उपायाने कोणते काम होते, किती होते, व त्यात धोका कितपत, एवढाच हिशेब येथे मांडावयाचा आहे.

रोग कोणता व तो कोणास जड जातो

साधे पडसे व इन्फ्लुएंझा हे दोन निराळे रोग होत. पडशाने नाक वाहते, घसा खवखवतो, आणि चार-सहा दिवसांत माणूस कामास लागतो. इन्फ्लुएंझात एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो व अंथरूण धरावे लागते. तो एका विशिष्ट विषाणूपासून होतो. हा विषाणू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून व हातांवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो. धडधाकट माणूस आठवड्यात बरा होतो. परंतु ज्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या किंवा अरुंद झालेल्या आहेत, त्यास तोच विषाणू फार महाग पडतो. नलिकांचे आतील अस्तर सोलवटते, कफ घट्ट होऊन अडकतो, त्यावर दुसरे जंतू चढाई करतात आणि न्यूमोनिया होतो. पुष्कळदा जीव वाचला तरी श्वासाची जी शक्ती त्या आजारात गेली ती पुरती परत येत नाही. जो पूर्वी शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत चालत जाई, तो पुढे अंगणापर्यंतच जातो. हाडाची मोड भरून येते, पण झिजलेल्या फुप्फुसाची भर होत नाही. ह्या विषयात खरे पणास लागलेले आहे ते हेच.

असे रोगी थोडे आहेत असे कोणी समजू नये. २०१६ सालच्या अंदाजाप्रमाणे हिंदुस्थानात श्वासनलिकांच्या जुनाट अडथळ्याचे, म्हणजे डॉक्टर ज्यास 'सीओपीडी' म्हणतात त्या विकाराचे, सुमारे साडेपाच कोटी रोगी होते, व दम्याचे पावणेचार कोटींच्या वर. विडी-तंबाखू हे त्याचे एक कारण. पण आमच्याकडे विडीला कधी न शिवलेल्या बायाही ह्या विकाराने गांजलेल्या आढळतात, कारण त्यांनी चाळीस वर्षे चुलीचा धूर गिळलेला असतो. त्यात राबाचा धूर, झोडणी व वारवणीच्या वेळचा तूस, वीटभट्ट्यांची राख, आणि पूर्वी होऊन गेलेल्या क्षयाने फुप्फुसावर राहिलेले व्रण ह्यांची भर पडते. कळव्याची गोष्ट तर विशेष आहे. एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस ठाण्याची खाडी, आणि मध्ये, कळव्यापासून बेलापूरकडे गेलेल्या पट्ट्यात, १९६० नंतर उभे राहिलेले कारखाने व वाहनांची अखंड रांग. जेथे भात व मीठ पिके तेथे आता इमारती पिकल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या व ज्यांच्या राहिल्या, त्या दोघांच्याही वाट्यास तीच हवा आहे.

ह्या प्रांताचा अनुभव

इन्फ्लुएंझाची ओळख ह्या प्रांतास फार कडू प्रसंगाने झाली. १९१८ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीच्या बाजूस पहाऱ्यावर असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, आणि पाहता पाहता साथ शहरभर पसरली. जुलैत ती ओसरलीसे वाटले. पण सप्टेंबरात दुसरी लाट आली ती अतिशय मारक होती. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाड्यांनी माणसांबरोबर रोगही गावोगाव नेला, आणि मुंबईहून निघालेली पहिली लोहवाट ठाण्यावरूनच, आमच्या शिवेवरून, कल्याणकडे जाते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. उभ्या पिकास पाणी नाही व आडव्या पडलेल्या माणसांस पाणी देणारा कोणी नाही, अशी स्थिती कित्येक गावांत झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक व सर्व देशात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत.

त्या वेळीही लशी टोचल्या गेल्या, परंतु त्यांचा उपयोग झाला नाही, हे प्रांजळपणे सांगणे भाग आहे. कारण रोगाचे मूळ एक जंतू आहे असे शास्त्रज्ञांस वाटत होते, व लस त्या जंतूची होती. खरा विषाणू माणसापासून वेगळा काढण्यात आला तो १९३३ साली, आणि त्यावरील लस अमेरिकेत प्रथम सैन्यास व १९४५ साली सर्वसाधारण लोकांस मिळू लागली. शत्रू ओळखल्यावाचून केलेला बंदोबस्त फुकट जातो. मात्र एकदा फुकट गेला म्हणून, शत्रू ओळखल्यावरही बंदोबस्त करू नये, असे त्यातून निघत नाही.

अलीकडचा अनुभव २००९ सालचा. त्या ऑगस्टच्या आरंभी लोक ज्यास 'स्वाइन फ्लू' म्हणू लागले त्या नव्या जातीच्या इन्फ्लुएंझाने देशातील पहिला मृत्यू पुण्यास झाला. पुढे २०१५ व २०१७ साली महाराष्ट्रात त्याने पुन्हा शेकडो बळी घेतले. तो विषाणू आता नवा राहिलेला नाही. दरवर्षीच्या इन्फ्लुएंझापैकीच तो एक झाला आहे, व दरवर्षीच्या लशीत त्याचा समावेश असतो.

लस म्हणजे काय, व ती काय करीत नाही

प्रौढांस जी लस दंडात टोचतात तीत जिवंत विषाणू नसतो. मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात. शरीर त्या तुकड्यांवरून शत्रूची खूण ओळखण्यास शिकते व त्याच्या प्रतिकाराची द्रव्ये तयार करून ठेवते. ह्यास सुमारे दोन आठवडे लागतात. मेलेल्या बियाण्याचे रोप जसे उगवत नाही, तसा ह्या लसीपासून इन्फ्लुएंझा होत नाही. टोचल्याच्या जागी दुखणे, एक-दोन दिवस कणकण व अंगदुखी, एवढे मात्र काहींना होते.

ही लस दरवर्षी घ्यावी लागते, ह्याविषयी लोक कुरकुर करतात. देवीची लस एकदा काढली की पुरे, मग हिलाच काय झाले, असा प्रश्न असतो. उत्तर असे की देवीचा विषाणू आपले रूप फारसे बदलीत नसे. इन्फ्लुएंझाचा दरवर्षी थोडथोडा बदलतो, व टोचणीने आलेली शक्तीही काही महिन्यांत उतरू लागते. लाळ्या-खुरकुताची लस ज्यांनी आपल्या गुरांस वारंवार टोचविली आहे त्यांस हे नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, पुढील हंगामाच्या लशीत कोणत्या जाती असाव्यात ते ठरविते. बी गटातील 'यामागाता' नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर कोठेच आढळली नाही, म्हणून चार जातींऐवजी आता तीनच जातींची लस पुरे, असे त्या संघटनेने सांगितले आहे.

आता लसीच्या मर्यादा. अंदाज व प्रत्यक्ष विषाणू ह्यांची जुळणी चांगली झाली त्या वर्षी डॉक्टराकडे जाण्याइतका इन्फ्लुएंझा होण्याचा संभव ती शेकडा ४० ते ६० ने कमी करते. जुळणी बिघडली तर त्याहून कमी. म्हाताऱ्या माणसाचे शरीर तिला तरुणाइतका जोमदार प्रतिसाद देत नाही. पडसे, इतर विषाणूंचा खोकला, धुळीने उठलेला दमा ह्यांवर ती मुळीच चालत नाही. कोंबड्यांस होणारा इन्फ्लुएंझा, ज्याने २००६ साली नवापुरास हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, त्यावरही ही लस नव्हे. तेव्हा 'लस घेतली तरी खोकला झालाच' हे म्हणणे खरे असू शकते, आणि तरीही लस वाया गेली असे होत नाही. कुंपण घातलेल्या शेतातही उंदीर शिरतात. म्हणून गुरांसाठी घातलेले कुंपण कोणी उपटून टाकीत नाही.

तुलनेचा वाफा

शेतकरी नव्या खताची परीक्षा कशी करतो? एका वाफ्यास खत घालतो व शेजारचा वाफा तसाच ठेवतो. नुसते खत घातले, पीक चांगले आले, व श्रेय खतास दिले, तर ते पावसाचेही असू शकेल. औषधांची परीक्षा ह्याच न्यायाने झाली पाहिजे. दम्याच्या बाबतीत तर ही दक्षता अधिकच हवी, कारण दमा आपणहून चढतो व उतरतो. माणूस नव्या औषधाकडे वळतो तो बहुधा त्याचा दमा अगदी शिगेस पोहोचलेला असताना, आणि शिगेनंतर उतार यावयाचाच. उतार आला की यश औषधाच्या पदरी पडते. आपल्या शेजाऱ्यास गुण आला ही हकीकत खोटी असते असे नाही, पण तिला तुलनेचा वाफा नसतो.

लसीच्या बाबतीत असे वाफे केलेले आहेत. थायलंडात, म्हणजे आमच्यासारख्याच उष्ण, पावसाळी व भातपिकाच्या देशात, श्वासनलिकांच्या जुनाट अडथळ्याच्या १२५ रोग्यांपैकी निम्म्यांस लस व निम्म्यांस तशीच दिसणारी औषधहीन टोचणी दिली. कोणास काय मिळाले ते रोग्यांस ठाऊक नव्हते. वर्षभरात इन्फ्लुएंझाचा आजार औषधहीन गटात दर शंभर माणसांमागे सुमारे २८ ह्या प्रमाणात झाला, व लस घेतलेल्यांत सुमारे ७ ह्या प्रमाणात. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. रोग्यांची संख्या लहान होती हे खरे, परंतु अन्यत्र झालेल्या अशाच प्रयोगांची एकत्र छाननी करतानाही, ह्या रोग्यांची छाती उसळण्याचे प्रसंग लसीने कमी होतात असेच आढळले.

दुसरा प्रश्न भीतीचा. टोचणीनेच दमा उसळेल काय? ह्यासाठी अमेरिकेत २,०३२ दमेकऱ्यांवर प्रयोग झाला. प्रत्येकास काही आठवड्यांच्या अंतराने एकदा लस व एकदा औषधहीन टोचणी दिली. टोचणीनंतरच्या दोन आठवड्यांत दमा उसळण्याचे प्रमाण लसीनंतर शेकडा २८.८ व औषधहीन टोचणीनंतर शेकडा २७.७ होते, म्हणजे व्यवहारात सारखेच. ह्यातील बोध नीट घ्यावा. शंभरांत अठ्ठावीस जणांचा दमा कशानेही उसळणारच होता. त्यांतील प्रत्येकाने 'सुईनेच झाले' असे म्हटले असते, तर गावात लसीचे नाव कायमचे बद्दू झाले असते. तुलनेचा वाफा होता म्हणून सत्य कळले.

घरगुती व इतर उपायांची परीक्षा

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. ह्या पारड्यात सर्व वस्तू एका भावाच्या नाहीत, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहणे बरे.

पहिला वर्ग आराम देणाऱ्या उपायांचा. तुळस, आले, मिरी ह्यांचा काढा, मध, हळद घातलेले दूध, गरम पेज. घसा ओला राहतो, कफ सुटण्यास मदत होते, खोकल्याची ढास कमी होते, व आजाऱ्याजवळ कोणी पेला घेऊन बसते ह्याचेही मोल आहे. हे उपाय अवश्य करावेत. मात्र त्यांनी इन्फ्लुएंझा टळतो किंवा फुप्फुसाच्या रोग्यास रुग्णालयात नेण्याची पाळी येत नाही, असे तुलनेच्या वाफ्याने सिद्ध झालेले नाही. काढ्यातील वस्तूही अगदीच निरुपद्रवी नसतात. ज्येष्ठमध रोज व पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम उतरते. दम्याच्या काही औषधांनीही पोटॅशियम उतरते, आणि दोन्ही एकत्र आली म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होण्याचे भय असते. मधुमेह्याने मध व गूळ मोजूनच घ्यावा.

वाफ घेतल्याने नाक मोकळे होते, विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून पोरे भाजतात, हे मात्र नेहमीचे आहे. कापूर पोटात घेणे विषासमान आहे. तो व निलगिरीचे तेल ह्यांच्या उग्र वासाने कित्येक दमेकऱ्यांची छाती उलट आवळते.

दुसरा वर्ग ज्यांत खरोखर औषधी गुण आहे अशा वनस्पतींचा. अडुळसा हे ह्याचे उत्तम उदाहरण. त्याच्या पानांतील वॅसिसिन ह्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले, व ते आज सर्व जगभर वापरले जाते. धोत्र्याची पाने ओढण्याची दमेकऱ्यांची जुनी रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेकडून विलायतेस गेली. तीत तथ्य होते, कारण धोत्र्यातील द्रव्याने श्वासनलिका सैल होतात. परंतु मात्रा हाती न राहिल्याने भ्रम होऊन माणसे दगावतही. आज डॉक्टर जे इप्राट्रोपियम किंवा टायोट्रोपियम हुंगावयास देतात ते त्याच गुणाचे, परंतु मापलेल्या मात्रेचे व बहुतांशी निर्धोक केलेले रूप होय. म्हणजे आमच्या वाडवडिलांच्या औषधांतील जे उत्तम ते नाकारले गेलेले नाही. ते शुद्ध करून, मोजून, परत आमच्याच हाती दिलेले आहे. धान्य पाखडून घेतल्यावर पुन्हा कोंड्यासकट खाण्याचा आग्रह कशासाठी?

तिसरा वर्ग मुहूर्ताच्या औषधांचा. मृग नक्षत्रावर हैदराबादेस जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा गिळवितात, व त्यासाठी आमच्याकडूनही दमेकरी जातात. कोजागरीच्या रात्री खिरीतून औषध देण्याची रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ह्या उपायांनी इन्फ्लुएंझा टळतो ह्यास शास्त्रशुद्ध तुलनेचा आधार नाही. शिवाय व्यवहाराची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मृग म्हणजे इन्फ्लुएंझाचा हंगाम सुरू होण्याची वेळ. अशा वेळी खोकणाऱ्या हजारो माणसांच्या गर्दीत नाजूक फुप्फुसे घेऊन तासन् तास उभे राहणे हे रोग विकत आणण्यासारखे आहे. ज्यास जावयाचेच असेल त्याने निदान आधी लस घेऊन, तोंडास पट्टी बांधून व आपली नेहमीची औषधे जवळ बाळगून जावे.

चौथा वर्ग होमिओपथीच्या गोळ्यांचा. २०२० च्या साथीत आर्सेनिकम आल्बम ३० ह्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या, तेव्हापासून पावसाळ्याआधी त्या घेण्याचा परिपाठ कित्येक घरांत पडला आहे. ह्या '३०' चा अर्थ असा की मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळला, त्यातील एक भाग पुन्हा शंभरांत, असे तीस वेळा केले. बाराव्या वेळेनंतरच मूळ द्रव्याचा एक कणही राहण्याचा संभव उरत नाही. बदकाच्या काळजा-यकृतापासून अशाच रीतीने, परंतु दोनशे वेळा विरळ करून, इन्फ्लुएंझासाठी विकले जाणारे एक औषध युरोपात खपते. त्याविषयीच्या प्रयोगांची छाननी झाली तेव्हा प्रतिबंधाचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. ह्या गोळ्यांनी बहुधा अपाय होत नाही. अपाय होतो तो 'बंदोबस्त झाला' ह्या खोट्या निश्चिंतीने.

पाचवा वर्ग खरा घातक. बाजारात, जत्रेत, किंवा ओळखीपाळखीने मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. ज्या पुडीने दोन दिवसांत दमा 'मुळापासून' गेल्यासारखा वाटतो, तीत पुष्कळदा स्टिरॉइड कालविलेले असते. आराम खरा असतो, पण महिनोन् महिने घेतल्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, अंगची प्रतिकारशक्ती खचते, व एकाएकी बंद केल्यास प्राणावर बेतते. जो अशा पुड्या घेत असेल त्याने त्या न लपविता डॉक्टरास दाखवाव्यात व त्याच्या सल्ल्याने हळूहळू सोडाव्यात.

खरा तंटा कोठे आहे

वरील विवेचनावरून दिसेल की 'लस की काढा' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. लसीचे काम रोग येण्यापूर्वीचे व काढ्याचे काम आल्यानंतर आराम देण्याचे. बियाण्यास औषध चोळणे व उगवलेल्या रोपाची निगा राखणे ह्यांत जसा तंटा नाही, तसा ह्यांतही नाही. तंटा उत्पन्न होतो तो एकाच ठिकाणी: घरगुती उपायाच्या भरवशावर माणूस जेव्हा लस टाळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रोजचे हुंगावयाचे औषध बंद करतो. पंपाची सवय लागते हा समज फार पसरलेला आहे. तहान लागल्यावर पाणी पिण्याची जशी सवय लागते, तशीच ती सवय समजावी. रोजचे औषध सुटले की नलिकांची सूज वाढते, आणि त्या स्थितीत इन्फ्लुएंझा आला म्हणजे काढ्यास काही करण्यास वाव राहत नाही.

लसीच्या पारड्यातील धोकाही लपवून ठेवणे योग्य नव्हे. गंभीर स्वरूपाची अॅलर्जी दर दहा लाख टोचण्यांत एखाद-दुसऱ्यास होते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. गियाँ-बारे नावाचा, हातपाय लुळे पडण्याचा विकार दहा लाखांत एक-दोघांस अधिक होत असावा असे काही वर्षांच्या पाहणीत दिसले आहे. तो खुद्द इन्फ्लुएंझानेही होतो. ज्यास पूर्वी ह्या लसीने गंभीर अॅलर्जी झाली असेल त्याने ती घेऊ नये, व ज्यास हा लुळेपणाचा विकार होऊन गेला असेल त्याने डॉक्टरास तसे आधी सांगावे. अंगात ताप असेल तर टोचणी पुढे ढकलावी. नाकात फवारण्याची जी जिवंत विषाणूची लस असते ती फुप्फुसाच्या रोग्याने घेऊ नये. त्याने दंडातीलच मागावी.

खर्चाविषयी म्हणाल तर ही लस खासगी दवाखान्यात हजार-दोन हजार रुपयांच्या घरात पडते. सर्वांसाठीच्या सार्वत्रिक लसीकरणात तिचा समावेश नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली गरोदर स्त्रिया, मधुमेही व रक्तदाबाचे रोगी ह्यांसाठी ती ऐच्छिक व विनामूल्य देण्याची योजना काढली. ज्यांस फुप्फुसाच्या विकाराबरोबर ह्यांपैकी काही असेल त्यांनी प्रथम सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात चौकशी करावी. कळव्यास ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्यास जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे छातीच्या विकारांची तपासणीही होते. रुपये मोजताना दुसरी बाजूही मांडावी. भातलावणीच्या पंधरा दिवसांत घरचे एक माणूस रुग्णालयात व दुसरे त्याच्या उशाशी, तर मजुरी किती द्यावी लागते व लावणी किती लांबते, हा हिशेब शेतकऱ्यास सांगावयास नको.

वर्षाचे टाचण

फुप्फुसाचा विकार असलेल्या कुटुंबाने पुढील गोष्टी पंचांगास टाचून ठेवाव्यात.

चैत्र-वैशाख. पश्चिम किनाऱ्यावर इन्फ्लुएंझाचा मोठा जोर पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, असतो व लहान जोर हिवाळ्याच्या अखेरीस. म्हणून लस एप्रिल-मे महिन्यांत, त्या वर्षीच्या नव्या घडणीची, घ्यावी. राहून गेल्यास पाऊस लागल्यावर घेतली तरी काही बिघडत नाही, न घेण्यापेक्षा ती बरी. लस २ ते ८ अंश उष्णमानातच टिकते व गोठली तर निकामी होते, म्हणून ती दुकानातून आणून घरी ठेवू नये. न्यूमोकॉकस जंतूवरील न्यूमोनियाची निराळी लसही डॉक्टरास विचारून घ्यावी. ती दरवर्षी लागत नाही. राब भाजण्याच्या वेळी दमेकऱ्याने वाऱ्याच्या वरच्या अंगास, दूर राहावे.

ज्येष्ठ ते भाद्रपद. घरात कोणास ताप-खोकला आला तर त्याचे अंथरूण दमेकऱ्यापासून वेगळे करावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हात साबणाने धुवावेत. दमेकऱ्यास ताप आल्यास वाट पाहू नये. इन्फ्लुएंझावरील ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत अधिक उपयोगी पडते, परंतु ते डॉक्टराच्या सांगण्यावरूनच घ्यावे. आमच्याकडे पावसाळी ताप हिवतापाचा, डेंग्यूचा किंवा चिखलातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही असतो. तेव्हा घरीच निदान करून बसू नये. बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ किंवा नखे निळसर पडली, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर काढा उकळीत न बसता गाडी जोडावी.

आश्विन ते फाल्गुन. झोडणीच्या वेळी नाकातोंडावर ओला रुमाल किंवा पट्टी बांधावी. चुलीऐवजी गॅस वापरता येत असेल तर तो केवळ पाहुण्यांच्या चहापुरता ठेवू नये. विडी सोडणे हा सर्व औषधांहून मोठा उपाय आहे, व त्यास मुहूर्त लागत नाही.

लस, पंप, स्वच्छ हवा व घरची निगा ही चार चाके आहेत, आणि एक काढून दुसऱ्याच्या जोरावर गाडी हाकता येत नाही. काढ्याचा पेला जरूर भरावा, पण तो लस टोचून घेतलेल्या हाती द्यावा. गोठ्यातील बैलास पावसाआधी जी सुरक्षितता आपण न चुकता देतो, ती त्याच्या धन्यास, व विशेषतः आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या माउलीस, देण्यास यंदाच्या वैशाखात विलंब होऊ नये, एवढीच आमची आमच्या वाचकांस विनंती आहे.